गतिरोधक

वडगाव ते दांडेकर पूल, एकवीस गतिरोधक.
महापालिकेला विचारू नका, मला विचारा.
अकराव्याला रंग मारलेला नाही.
रिक्षा त्यावरून उडते आणि आत कुठेतरी
जे एकमेकांना चिकटून बसलंय
ते एकदम ताणलं जातं.

नऊ वर्षं मी फक्त 'पोटात दुखतंय' म्हणत होते.
मग नाव मिळालं, एंडोमेट्रिओसिस,
इतकं लांब की रजेच्या अर्जातल्या
कारणाच्या रकान्यात मावत नाही.
तिथं मी अजूनही 'घरगुती' लिहिते.

गोळ्या आहेत. एक शस्त्रक्रिया झाली.
हे खालचं त्यांच्या पलीकडचं,
म्हणजे रात्री तीन वाजताचं.

तुळशीबागेत अर्धा मीटर मांजरपाट मागितलं.
"अर्ध्या मीटरचं काय होतं?"
"पिशवी."
"कसली?"
"गव्हाची."
"दळणाला नेणार? मग मोठी शिवा."
मी ओटीपोटाच्या मापाची शिवली.
किलोभर लोकवन तव्यावर गरम करायचे,
पिशवीत ओतायचे, तोंड बांधायचं,
घड्याळाचा काटा बघत पडून राहायचं.
सकाळी जिन्यात गवारेकाकूंनी गाठलं,
"खमंग वास होता गं रात्री.
लाडू केलेस? काही विशेष?"
विशेष काही नाही, काकू.
गहू होते.

नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर
मुजावर मॅडम व्यायाम शिकवतात.
"श्वास खाली सोडा. अजून खाली.
जिथं तुम्ही कडी लावून बसलायत, तिथं."
मला हसू आलं. हसताना दुखलं.
दुखताना पहिल्यांदाच दात आवळलेले नव्हते.

भिंतीला पाय लावून वीस मिनिटं.
पंख्याच्या पात्यांवरची धूळ आता पाठ आहे.
गुरुवारी पाणी बंद, म्हणून बुधवारीच
शेकायच्या रबरी पिशवीपुरतं पातेलं झाकून ठेवायचं.
वहीत लिहायचं: झोप चार तास. मैदा हो. चाललीस नाही.
तीन महिने चहा सोडून पाहिला.
काहीही फरक पडला नाही.
चहा पुन्हा सुरू केला त्या दिवसाखाली
मी दोन रेघा मारल्यात.

"एक मूल झालं की सगळं थांबतं"
असं सांगणाऱ्यांचीही यादी आहे,
वही उलटी धरून, मागच्या पानापासून.
ती पुढून येणाऱ्या नोंदींना
लवकरच भेटेल असं दिसतंय.

यानं बरं होत नाही, डॉक्टर आधीच म्हणालेत.
यानं मंगळवार जातो.
कधी कधी मंगळवारही जात नाही.

तात्यांनी कधी काही विचारलं नाही.
एकतीस वर्षं पीएमटी चालवली,
घरात मी कण्हले की टीव्हीचा आवाज कमी करायचे, एवढंच.
वही एकदा टेबलावर उघडी राहिली.
शनिवारी त्यांनी पाठकोऱ्या वीजबिलावर
निळ्या पेनानं काढलेला रस्ता पुढं सरकवला.

"सिंहगड रोडनं जायचंच नाही त्या दिवसांत.
राजाराम पूल, डीपी रोड, म्हात्रे पुलापाशी खाली,
नदीपात्रातून थेट भिडे पूल.
रिक्षावाल्याला सांग, दुसरा गिअर,
ब्रेक आधीपासून, हळूहळू.
गर्भार बाई बसली की आम्ही गाडी तशीच काढायचो."
मग ते थांबले. चष्मा पुसला.
"दुखणारी बाई बसली की," म्हणाले.

नकाशावर गतिरोधकांच्या जागी छोटे आडवे डॅश.
मी मोजले. सहा.
एकापुढं लिहिलं होतं, 'हा डावीकडून चुकवता येतो.'

आणि अगदी खाली, बिलाच्या कडेला,
बसच्या पाटीसारख्या ठसठशीत अक्षरात:
'खडकवासल्यातून पाणी सोडल्यास मार्ग बंद.
त्या दिवशी मला उठव.
मी स्कूटर काढतो.'